तीन मिलिमीटर आणि शेंदराची डबी

सोमवार, २ डिसेंबर २०२४

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून माझ्या हातांना नेमकं काय येतं? बाबांनी आज हे विचारलं. टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. "तिकडं विष्णुपुरीच्या कॉलेजात हाताला काय शिकिवलं?" मी म्हटलं, कुठल्या भागावर किती ताण येतो ते काढता येतं, तापल्यावर धातू किती वाढेल ते काढता येतं. "त्ये कागदावर झालं. हाताला?" उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. म्हणून ही वही सुरू केली आहे.

निमित्त एका गाडीचं. डाळ मिलवाले शिवप्रसाद अप्पा आज ती टेम्पोवर घालून घेऊन आले. त्यांच्या वडिलांची इंग्लिश गाडी, साठ सालच्या आसपासची, दोनच सीटची, छत नसलेली. वीस वर्षं तुरीच्या पोत्यांमागे उभी होती. अप्पांनी दोन वर्षं खपून इंजिन करून घेतलं, रंग दिला. राहिला एकच भाग. इंजिनाच्या चार नळकांड्यांतून धूर बाहेर येतो तो जिथे गोळा होतो, तो बिडाचा मॅनिफोल्ड तडकला आहे. तसा आता मिळत नाही. म्हणून अप्पांनी परदेशातून हेडर मागवलं आहे: चार वेगवेगळे चकचकीत पाईप, वळणं घेत खाली येऊन एक होणारे. ते बसवायचं काम आमच्याकडे.

आमच्याकडे म्हणजे बाबांकडे. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या वस्त्या उभ्या राहत होत्या, तेव्हा एकोणीस वर्षांचे बाबा तिथे वेल्डिंग शिकले. तेव्हापासून एमआयडीसीच्या रस्त्याला ट्रॅक्टरचे सायलेन्सर बनवतात. आईला वाटतं मी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावावा. मला वाटतं, आधी हे दुकान नीट चालवून दाखवावं.

गुरुवार, ५ डिसेंबर

हेडर लावून पाहिलं आणि अडचण लगेच कळली. ज्या देशातून ते आलं तिथे स्टीअरिंग डाव्या बाजूला असतं. आपली गाडी उजव्या बाजूची. त्यामुळे दुसरा पाईप जिथून खाली वळतो, बरोबर तिथूनच स्टीअरिंगचा दांडा जातो. बसतं, पण अगदी खेटून.

बाबा म्हणाले, "दुसरा पाईप कापू, आपल्या हातानं वाकवून लावू."

अप्पा दचकलेच. "मिस्त्री, सहा महिने वाट पाहिलीय मी. त्याला हातोडी न्हाई लागायची, करवत न्हाई लागायची. बसतंय न्हवं? बसवा."

मला अप्पांचं पटलं. कारखान्यात मापून बनवलेली वस्तू आपण अंदाजाने का कापायची?

बाबांनी नट आवळायला घेतले. दोनदा पाना भलत्याच जागी लावला आणि मग माझ्या हातात दिला. "तूच आवळ. माझी पाठ धरून राहिली." हल्ली वेल्डिंगचा टाकासुद्धा मलाच मारायला सांगतात. मला बरं वाटतं, पण थोडं वाईटही वाटतं. कामाचा त्यांना कंटाळा येऊ लागला आहे का?

शनिवार, ७ डिसेंबर

काल दुकान बंद होतं. विहारात अभिवादनाची सभा झाली, त्यात मी बावीस प्रतिज्ञांवर बोलले, देवदेवता न पूजण्याच्या प्रतिज्ञेवर जास्त. मी म्हटलं, प्रतिज्ञा भिंतीवर नाही, घरात आणि कामात दिसायला हवी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे, दाराजवळ बसले होते.

आज त्याच उत्साहात दुकान झाडून काढलं. सगळी हत्यारं पुसून खिळ्यांना टांगली, खिळ्यांवर आकडे घातले. बाबांच्या फळीवर मागच्या कोपऱ्यात एक पत्र्याची डबी सापडली. उघडली तर शेंदूर. तेल घालून मळलेला, वर बोटाचे ठसे. मला धक्काच बसला. काल मी माईकवर काय बोलले आणि माझ्याच बापाच्या फळीवर हे. कोणी गिऱ्हाईक देत असेल, किंवा शेजारच्या गॅरेजवाल्यांच्या नादाने आलं असेल. डबी कचऱ्यात टाकली आणि कचरागाडी गेली तेव्हाच सुटकेचा श्वास घेतला.

दुपारी बाबा फळीवर हात फिरवत होते. "माय, हितं एक डबी हुती."

"टाकली. त्यात शेंदूर होता बाबा."

"आरं, त्यो देवाचा न्हवता."

"शेंदूर म्हणजे शेंदूर. विहारातलं कोणी दुकानात आलं आणि पाहिलं तर?"

त्यांनी फळीवरून हात काढला. मग म्हणाले, "बरं." आणि चहा सांगायला गेले. वाद न घालता त्यांनी मान्य केलं, याचा मला अभिमान वाटला.

मंगळवार, १० डिसेंबर

हेडर बसलं. पाईप आणि दांडा यांच्यातली फट मी मोजली. तीन मिलिमीटरच्या ड्रिलची काडी अलगद आरपार जाते. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पुन्हा मोजली. तेवढीच. इंजिन चालू केलं. चारही पाईपांतून एकसारखा आवाज आला, ट्रॅक्टरच्या फटफटीपेक्षा किती वेगळा. खाली वाकून पाहिलं, कुठे लागत नव्हतं.

बाबा शेजारी उभे होते. "लागत न्हाई?"

"नाही. तीन मिलिमीटर आहे. ही काडी बघा, जाते का नाही?"

त्यांनी काडी घेतली, चाचपली, परत दिली. "तुझा भरोसा हाय ना या काडीवर?"

"आहे."

"मंग झालं."

दुकानात मी जॉब कार्ड सुरू केलं आहे. काय काम केलं, कोणती मापं घेतली, आणि खाली "तपासणारी" म्हणून सही. पहिल्या कार्डावर आज सही केली: महामाया रामकिशन. सहीकडे बराच वेळ पाहत बसले. हाताला काय येतं, त्याचं हे उत्तर असेल का?

शुक्रवार, १३ डिसेंबर

अप्पा गाडी घेऊन गेले. मला "इंजिनिअर मॅडम" म्हणाले. कार्ड त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. "रविवारी विष्णुपुरीला जातो. बहिणीकडं अव्वा ऱ्हाती. ऐंशी पार केलं तिनं, तिला या गाडीत एकदा बसवायचं हाय." अव्वा म्हणजे त्यांची आई. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत आजूबाजूची सगळी दुकानं थांबून बघत होती. बाबा आवाज ऐकत होते, डोळे मिटून.

सोमवार, १६ डिसेंबर

हे आजच लिहून ठेवायला हवं.

सकाळी बजरंग काका ट्रॅक्टर घेऊन आले. सायलेन्सर फुटला होता. मी बॉनेट उघडून बघत होते आणि काकांनी गंमत म्हणून एकदम रेस दिली. इंजिन खालच्या रबरांवर एका अंगाला झुकलं आणि परत आलं. बोटभर तरी झुकलं असेल. हे मी पुस्तकात वाचलं आहे, परीक्षेत लिहिलं आहे, त्यावर मार्क मिळवले आहेत. आणि अप्पांच्या गाडीची फट मी बंद इंजिनावर मोजली. चालू केलं तेव्हा नुसतं सुरू ठेवलं, रेस दिलीच नाही. पाईप तापून वाढतो तेही धरलं नाही.

बाबांना विचारलं, "तुम्ही असलं कसं तपासता?"

"शेंदरानं."

मला टाकलेली डबी आठवली.

त्यांनी शांतपणे सांगितलं. शेंदूर तेलात मळायचा. जिथं लागायचा संशय असेल तिथे दांड्याला लावायचा. इंजिन तापवायचं, रेस द्यायची, स्टीअरिंग फिरवायचं. मग पाईप बघायचा. लाल उमटलं तर लागतंय, नाही उमटलं तर नाही. "किल्लारीला आमचा फिटर करायचा. आपल्याला तुझ्या काडीवरचं दिसत न्हाई माय, लाल तेवढं दिसतं."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तू म्हणलीस, शेंदूर म्हंजे शेंदूर. सभेत एवढं बोललीस, तुझं मन कशाला मोडू? अन् वाटलं, शिकलेली हाय, हिच्याकडं दुसरी रीत आसंल."

दुसरी रीत माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे सही होती.

अप्पांना फोन लावला. ते विष्णुपुरीला सुखरूप पोचले आहेत. विचारलं, वळताना काही वाटलं का? म्हणाले, "अहमदपूरला डावीकडं वळताना एकदा 'कट' झालं. सीटखाली पाना-बिना पडला आसंल." मी म्हटलं, अप्पा, गाडी काढू नका, पाईप दांड्याला लागत असेल, एखाद्या वळणावर स्टीअरिंग अडकेल. ते हसले. "कार्डावर तुमचीच सही हाय की मॅडम." पण मी येईपर्यंत थांबायचं कबूल केलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी मारुतीच्या देवळासमोरच्या टपरीवर गेले. आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, हे आधी पाहिलं. खोटं का लिहू? टपरीवरच्या साखराबाईंनी शेंदराची पुडी बांधता बांधता विचारलं, "कोनाची गं तू?" सांगितलं. "म्हंजे रामकिशन मिस्त्रीची. तुझा बाप दर चार म्हयन्याला नेतो की. मी ह्यांना म्हणते, लई भक्त मानूस हाय, पर देवळात कधी दिसत न्हाई." मला हसू आलं आणि लाजही वाटली.

स्टँडवर बाबा एका पाटीखाली उभे राहिले. "कोणती गाडी लागली, वाच बरं." पाटी डोक्यावरच होती, हाताएवढी अक्षरं. मी वाचली.  बसमध्ये, लोहा गेल्यावर बाबा म्हणाले, "घाबरू नको. चुकलं त्ये बघायला तर निघालीस." विष्णुपुरीला उतरलो. कॉलेजच्या रस्त्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

अप्पांच्या बहिणीच्या अंगणात गाडी उभी होती. मी शेंदूर मळला, दांड्याला जाडसर लावला. अप्पा बघत राहिले. "मॅडम, पूजा करून राहिलात का?" इंजिन पंधरा मिनिटं तापवलं. अप्पांना स्टीअरिंगवर बसवून रेस द्यायला लावली, डावी-उजवीकडे फिरवायला लावलं. मग बंद करून आम्ही दोघं वाकलो. दुसऱ्या पाईपच्या वळणावर लाल पट्टा उमटला होता, करंगळीएवढा लांब. त्याच्या मधोमध धातू घासून चकाकत होता.

बाबांनी विचारलं, "लागलं का?"

पट्टा त्यांच्या नाकासमोर होता. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं असणार. मी मोठ्याने म्हटलं, "लागलंय. माझी चूक आहे. अप्पा, कार्डावर मी सही केली ती पुरतं न तपासता केली."

अप्पांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, "एवढंसं लागतंय. आधी जेवून घ्या. मग अव्वाला धरणापर्यंत सरळ रस्त्यानं एक चक्कर मारून आणतो. तिनं सकाळपासनं नवं लुगडं नेसलंय. त्यानंतर काय काढायचं त्ये काढा."

ओट्यावर जेवायला बसलो.  धरणाच्या रस्त्याला चढ आहे आणि डावीकडे वळण आहे. चार वर्षं मी त्याच रस्त्याने सायकल नेली. अप्पा अव्वांना आणायला आत गेले. हेडर निवत आलं होतं, पूर्ण निवलं नव्हतं. मी कोणाला विचारलं नाही. पाना घेतला आणि नट काढायला लागले. बाबा शेजारी येऊन बसले आणि एकेक नट माझ्याकडून हातात घेत गेले. दोन बोटं पोळली.

अप्पा आईला हाताला धरून बाहेर आले तेव्हा हेडर जमिनीवर गोणपाटावर होतं.

"हे काय केलं?" आवाज चढला होता. "गाडी कोनाची हाय?"

"तुमची आहे. पण आज ती चालणार नाही."

अप्पा बाबांकडे वळले. "मिस्त्री, पोरीला काही सांगता का न्हाई?"

बाबांनी मूठ उघडून नट दाखवले. "मी नट धरले की."

अव्वा, म्हणजे शिवम्मा आजी, काठीवर वाकून हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "वरडू नको रे. तुझ्या बापाच्या टायमाला तरी ही कुठं चालायची? निम्मी वाट मीच ढकलली हिला. मला बसाय तर दे." अप्पांनी दार उघडलं. नवं लुगडं सावरून आजी बसल्या आणि अर्धा तास अंगणातच, उभ्या गाडीत बसून राहिल्या. एक हात दारावर टाकून.

अप्पा माझ्याशी निघेपर्यंत बोलले नाहीत. हेडर गोणपाटात बांधून बसच्या सीटखाली घालून आणलं.

शुक्रवार, २० डिसेंबर

अप्पांचा सकाळी फोन आला. एवढंच म्हणाले, "कापा. पर अव्वाला रविवारी फिरवायची हाय."

दुसरा पाईप कापला. बाबांच्या पद्धतीने नवा पाईप वाकवायचा, तर आत वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर वळणावर पाईप चपटा होतो. आणि वाळू एकदम कोरडी हवी. आत ओल राहिली तर वाफ होऊन पाईपच्या टोकाला मारलेलं बूच उडतं. मांजरा नदीची वाळू आईच्या तव्यावर भाजली. आई म्हणाली, "डिग्री घेतली अन् भाकरीच्या तव्यावर वाळू भाजून राहिली." तरी दुसऱ्यांदा तिनेच हलवून दिली.

ज्योत माझ्या हातात, पाईपचं दुसरं टोक बाबांच्या हातात. ते सतत विचारत होते. "कसा रंग आला?"

"लाल."

"कसा लाल? विटेचा का टमाट्याचा?"

"विटेचा."

"मंग थांब आजून. आता?"

"टोमॅटोसारखा."

"हां, आता वाकव. हळू. माझ्याकडं बघू नको, रंगाकडं बघ."

किती छान शिकवतात. कॉलेजात कोणी मला रंग विचारला नाही. प्रत्येक पायरीला ते माझ्याकडून वदवून घेतात. तीन पाईप वाया गेले, चौथा जमला. जोडही मीच मारला. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हितं थेंब राहिलाय." तिथे खरंच होता. मला तो दिसला नव्हता.

रविवार, २२ डिसेंबर

विष्णुपुरीला जाऊन हेडर बसवलं. शेंदूर लावला, तापवलं, रेस दिली, स्टीअरिंग टोकापर्यंत फिरवलं. पाच वेळा. पाईप कोरा. वरून स्वच्छ ऊन पडलं होतं, बॉनेट उघडं होतं.

बाबांनी विचारलं, "लागलं का?"

तोच प्रश्न, त्याच आवाजात. मंगळवारी समोर लाल पट्टा होता तेव्हाही हाच, आज काहीच नाही तेव्हाही हाच. मी दांड्याचा शेंदूर पुसायला त्यांच्या हातात फडकं दिलं. ते शेजारची नळी पुसत राहिले.

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. "नाही लागलं, बाबा."

नंतर अप्पांनी शिवम्मा आजींना धरणापर्यंत नेऊन आणलं. आजी परत आल्या त्या केस विस्कटून, हसत. नव्या कार्डावर सही केली. अप्पांनी ते वाचून खिशात ठेवलं, या वेळी "मॅडम" म्हणाले नाहीत, "चला, जेवून जावा" म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. मला स्टँडवरची पाटी दिसत होती, आणि तो विटेचा रंग. कंटाळा, पाठ, शिकवणं, ही सगळी कारणं मी धरून चालले होते. तपासलं एकही नव्हतं.

मंगळवार, २४ डिसेंबर

आज दुकान उघडलं नाही. शेंदराची नवी डबी मात्र काल फळीवर ठेवली, पुढे, सहज हाताला येईल अशी. कोणी विचारलं तर सांगेन.

सकाळी बाबांना म्हटलं, चला. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात."

बराच वेळ ते बाहेर बघत राहिले. बाहेर त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे. मग म्हणाले, "आप्पाला न इचारता पाईप काढलास. आता बापाला न इचारता."

"हाव," मी म्हटलं.

"कवा कळलं?"

"परवा. उशीरच झाला."

"मला वाटलं, तुझा हात बसेस्तवर निभल."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा जास्त पिकलेला. ऑपरेशन आठ जानेवारीला, बुधवारी. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. खिडकीतल्या बाईंनी बोटाने जागा दाखवली आणि म्हणाल्या, इथे करा, बाकीचं वाचायची गरज नाही. मी दोन्ही पानं वाचली, दोनदा. जे कळलं नाही ते विचारलं. मागे रांग खोळंबली होती, लोक कुरकुरत होते. मग सही केली.